आधी विचारा, पैसा येतो कुठून?

“वहिनी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता मोकळ्या आहात का? एका छान गोष्टीची ओळख करून द्यायची होती.”

गोष्ट कोणती, ते फोनवर सांगत नाहीत. “तुम्ही या तर खरं! पटलं तर बघा, नाही पटलं तर चहा पिऊन घरी,” एवढंच. फोन करणारी परकी नसते. मुलाच्या शाळेतल्या मैत्रिणीची आई असते, भिशीतली असते, नाहीतर सख्खी नणंद असते. म्हणून आपण जातो. दादरला, परळला नाहीतर गिरगावात एखाद्या हॉलमध्ये शे-दोनशे खुर्च्या मांडलेल्या असतात. पडद्यावर मोटारी, परदेशच्या सहली, समुद्रकाठचे बंगले. मग एक बाई माइक हातात घेते आणि सांगते की दोन वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच होते, नवऱ्यापुढे हात पसरायचे. टाळ्या होतात. ज्या बाईने महिन्याच्या २५ तारखेला खरंच नवऱ्यापुढे हात पसरलेला असतो, तिला ते वाक्य बरोब्बर लागतं.

अशा बैठकांविषयी लिहिताना ‘लोकांना हाव सुटते’ असं म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. लालबागच्या चाळीतल्या बाईला बंगला नको असतो. तिला महिन्याला चार-पाच हजार स्वतःचे हवे असतात: मुलीच्या क्लासची फी, सासूबाईंची औषधं, माहेरी जाताना हातात काहीतरी. दहा ते सहाची नोकरी तिला जमत नाही, कारण दुपारी नळाला पाणी येतं आणि संध्याकाळी मुलं येतात. घर सांभाळून, आपल्या वेळेत करता येईल असं काम ती शोधत असते. ही गरज खरी आहे आणि जुनीही आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि परळ-लालबागची कितीतरी घरं त्यानंतर बायकांनी चालवली. कुणी डबे दिले, कुणी फॉल-पिको केलं, कुणी धुणीभांडी केली. त्यामुळे ‘घरबसल्या कमवा’ या दोन शब्दांना आपल्या भागात जो कान मिळतो, तो हावेचा नाही.

म्हणूनच जॉइन होऊ नका, असं सरसकट मी सांगणार नाही. कंपनीचा माल घरोघरी नेऊन विकणं, ज्याला ‘डायरेक्ट सेलिंग’ म्हणतात, हा कायद्याने मान्य असलेला धंदा आहे. टपरवेअर १९९६ मध्ये भारतात आलं, अ‍ॅमवे १९९८ मध्ये, आणि डबे-क्रीम-साबण विकून आपला खर्च भागवणाऱ्या बायका तुमच्या-माझ्या ओळखीत असतीलही. प्रश्न असा आहे की समोर मांडलेली योजना माल विकण्याची आहे की माणसं भरण्याची. दोन्हीकडे माल असतो, दोन्हीकडे पावती असते, दोन्हीकडे गोड बोलणं असतं. वरून फरक दिसत नाही. तो ओळखायला एकच प्रश्न पुरतो, पण तो घट्ट धरून ठेवावा लागतो. मला जो पैसा मिळणार आहे, तो मुळात कुणाच्या पर्समधून येणार?

गिरगावातलंच उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ ला लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. तेच पुढे लिज्जत झालं. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त बहिणी काम करतात. आता आपला प्रश्न तिथे विचारून बघा. पापड लाटणाऱ्या बाईचा पैसा येतो कुठून? वाण्याच्या दुकानात जाऊन पाकीट घेणाऱ्या माणसाकडून. तो माणूस लिज्जतचा सभासद नसतो, त्याला कुणी भाषण दिलेलं नसतं, त्याला फक्त पापड खायचा असतो. बाईने जितका पापड लाटला तितकी तिची लाटणावळ. शेजारणीला तिने सोबत आणलं तर शेजारीण तिची तिची लाटते आणि तिची तिची मजुरी घेते. आणणारीला त्यातला एक पैसाही मिळत नाही. तीच गोष्ट प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाची. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या, त्यांना मंडळाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ताटावर जेवायला बसलेला कामगार पैसे द्यायचा, त्यातून हप्ता फिटायचा. पैसा बाहेरून आत येत होता.

आता हॉलमधला फळा आठवा. मधे एक गोल, तो तुमचा. त्याखाली सहा गोल. “फक्त सहा जणी आणायच्या, ताई. सहा मैत्रिणी नाहीत का तुम्हाला?” त्या सहा जणी आणखी सहा-सहा आणतात, मग तुम्हाला काही करावं लागत नाही, पैसा आपोआप वर येतो. फळ्यावर हे फार सुंदर दिसतं. घरी येऊन पोराच्या वहीवर करून बघा.

बीडीडी चाळीच्या एका इमारतीत ८० खोल्या. एका खोलीतून एक बाई धरा. पहिल्या थरात ६, दुसऱ्यात ३६. तुम्ही धरून झाल्या ४३, म्हणजे निम्मी इमारत संपली. तिसऱ्या थरात २१६ लागतात, म्हणजे आणखी जवळपास तीन इमारती. चौथ्या थरात १,२९६. आतापर्यंतची बेरीज १,५५५, म्हणजे वीस इमारतींतली प्रत्येक खोली. असंच पुढे गेलं तर नवव्या थराला एकूण आकडा १ कोटी २० लाखांच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, त्यात तान्ही बाळं आली, म्हातारे आले, तुमचा नवराही आला. दहाव्या थराला माणसं आणायची कुठून?

या वहीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि फळ्यावर ती कुणी लिहीत नाही. साखळी कुठल्याही थराला थांबवा, सहातल्या पाच जणी सगळ्यात खालच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कुणी नसतं. दुसऱ्या थराला थांबली तरी पाच, नवव्याला थांबली तरी पाच. म्हणजे कमाई जर खाली माणसं आणण्यावर असेल, तर सहा जणींमधल्या पाच जणींनी पैसे घालायचे आणि एकीने ते वर वाटून घ्यायचे, हे त्या योजनेच्या आकारातच ठरलेलं असतं. त्या पाच जणी आळशी नसतात. “मेहनत कमी पडली,” असं त्यांना नंतर सांगितलं जातं आणि त्याही ते खरं मानून गप्प बसतात. या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत संताप आणणारी गोष्ट कुठली असेल, तर ही.

हे असं होतं का खरंच? दादरकरांना फार लांब जायला नको. २०२४ च्या सुरुवातीला ‘टोरेस’ नावाची दागिन्यांची दुकानं निघाली. दादरला जे. के. सावंत मार्गावर मोठं, झगमगीत दुकान, शिवाय ग्रँट रोड, कांदिवली, मीरा रोड, कल्याण आणि नवी मुंबईतही. कंपनीचं कागदोपत्री नाव प्लॅटिनम हर्न. मोइसानाइट नावाचा हिऱ्यासारखा दिसणारा खडा विकत घ्यायचा आणि त्या रकमेवर दर आठवड्याला परतावा घ्यायचा. वर्षाला नाही, आठवड्याला! शेवटी शेवटी तो आठवड्याला दहा टक्क्यांच्याही वर नेला होता. १ लाख रुपयांवर आठवड्याला १० हजार, म्हणजे ५२ आठवड्यांत ५ लाख २० हजार. बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षाचे सात टक्के मिळाले तर आपण खूश होतो. नवीन माणूस आणला की वेगळा बोनस. मोटारी आणि मोबाइल बक्षीस.

आणि पैसे मिळत होते हो! हे लक्षात ठेवा, कारण फसवणूक ओळखायला आपण चुकतो ते इथेच. आठवडेच्या आठवडे खात्यात रक्कम जमा होत होती. दादरच्या मंडईतल्या भाजीवाल्यांनी शेजारच्या गाळेवाल्याच्या मोबाइलवरचा मेसेज बघितला आणि मग आपले पैसे घातले. जाहिरातीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. विश्वास ठेवला तो ओळखीच्या माणसाला मिळालेल्या पैशांवर. पण ते पैसे खडे विकून झालेल्या नफ्याचे नव्हते, मागून आलेल्यांनी भरलेले होते. डिसेंबरच्या अखेरीला परतावे थांबले. ६ जानेवारी २०२५, सोमवारी दादरच्या दुकानासमोर गर्दी जमली. शिवाजी पार्क पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यातला फिर्यादीही भाजीविक्रेताच. तपास मग आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. खडे कवडीमोलाचे निघाले. हजारो लोकांचे पैसे अडकले. दागिने गहाण ठेवून पैसे घालणारे त्यात होते, आणि आपल्या शब्दावर नातेवाइकांना घालायला लावणारेही होते.

टोरेस हे टोक झालं, असं कुणी म्हणेल. बरं, मग दुसरी उदाहरणं घ्या. २०११ मध्ये स्पीकएशिया होतं. ११ हजार रुपये भरून सभासद व्हायचं, इंटरनेटवर सर्व्हेचे अर्ज भरायचे आणि आणखी सभासद आणायचे. मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला. २०१३ मध्ये क्यूनेटविरुद्ध मुंबईत गुन्हा नोंदला गेला. त्यांच्या मालात काचेची एक चकती होती, पाण्याला ऊर्जा देते असं सांगून ती विकली जायची. अगदी मोठ्या, जुन्या नावाच्या कंपनीलाही प्रश्न विचारायला लाजू नये. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. माल विकण्याच्या नावाखाली पिरॅमिड चालवला जातो, असा ईडीचा आरोप होता. आपण तपासाला सहकार्य करत आलो आहोत, असं कंपनीने सांगितलं. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, हे खरंच. पण ‘एवढी मोठी कंपनी आहे, काही गडबड असेल तर सरकार गप्प बसेल का?’ हा जो युक्तिवाद हॉलमध्ये करतात, त्यात फारसा दम नाही, एवढं यातून नक्की कळतं.

मग मालाकडे बघायचं कसं? सोपी युक्ती आहे. कमिशनचं सगळं बोलणं बाजूला ठेवा आणि तो डबा, ती पावडर, ते तेल फक्त वस्तू म्हणून हातात घ्या. सभासद नसलेली, होण्याची इच्छाही नसलेली बाई हे या किमतीला घेईल का? दादर पश्चिमेच्या बाजारात याच प्रकारची वस्तू काय भावाने मिळते, ते विचारून या. किंमत दीडपट-दुप्पट असेल आणि “पण क्वालिटी बघा ना!” एवढंच उत्तर मिळत असेल, तर वरचा पैसा कशासाठी आहे ते ओळखा. तो वरच्या साखळीत वाटायचा आहे. सभासदच माल घेतात, सभासदच वापरतात आणि बाहेरचं गिऱ्हाईक औषधालाही नाही, अशी स्थिती असेल तर त्याला दुकान म्हणता येत नाही. 

औषधावरून आठवलं. या व्यवसायात आरोग्याच्या पावडरी आणि गोळ्या फार असतात, आणि त्या विकणारी बाई मनाने चांगली असली तरी तिला शिकवलेलं बोलते: याने शुगर जाते, बीपीची गोळी बंद होते, कॅन्सरच्या पेशंटलाही गुण आला. मधुमेह किंवा कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. शेजारच्या काकूंनी तुमच्या शब्दावर इन्सुलिन सोडलं आणि काही बरंवाईट झालं, तर कंपनी म्हणेल की आम्ही असं कुठे म्हटलं होतं? छापील कागदावर ते नसतंच. ते तुमच्या तोंडून गेलेलं असतं.

आता हिशेबाकडे या. चेक सगळ्या दाखवतात, वही कुणी दाखवत नाही. समजा, ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहायला दर महिन्याला ४,००० रुपयांची खरेदी करावी लागते. त्यात साबण, टूथपेस्ट, चहा असं जे तुम्ही एरवीही आणलं असतं, ते वाण्याकडे १,५०० रुपयांत आलं असतं. म्हणजे २,५०० वरचे. मीटिंगांना जायला-यायला ४००. तीन महिन्यांतून एकदा मोठा सेमिनार, त्याचं तिकीट १,५००, महिन्याला ५०० पडले. एकूण ३,४००. कमिशन आलं १,८००. तुम्ही महिन्याला १,६०० रुपये घालवले, आणि तरीही तुमच्या हातात १,८०० चा चेक आहे, त्याचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकलेला आहे, आणि तो बघून आणखी दोघी विचारात पडल्या आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, पण वही अशीच लिहायची. यात मी तुमचे तास धरलेच नाहीत. आठवड्याचे पंधरा तास तुम्ही फोनवर आणि लोकांच्या घरी घालवत असाल, तर त्या वेळात फॉल-बिडिंगच्या किती साड्या झाल्या असत्या? चकली-चिवड्याच्या किती ऑर्डरी झाल्या असत्या? आपल्याकडे बाईच्या वेळेला किंमत न लावण्याची सवय सगळ्यांनाच आहे, कंपन्यांनाही ती चांगली ठाऊक आहे.

म्हणून बैठकीत माइकवाल्या बाईला एकच विचारा. “तुमचा चेक किती ते नको, तुमच्या हाताखालच्या शंभर जणींपैकी किती जणींना गेल्या महिन्यात घातलेल्या पैशांपेक्षा जास्त मिळाले?” आवाज चढवायची गरज नाही, अगदी गोड बोलून विचारा. उत्तर आकड्यात आलं तर लिहून घ्या. “निगेटिव्ह विचार करू नका, ताई,” असं आलं तर पर्स उचला आणि चहा न पिता निघा.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो, तेही माहीत हवं. २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले. सामील होण्यासाठी प्रवेश फी किंवा नूतनीकरणाची फी मागता येत नाही, डेमोचं सामान किंवा पुस्तकं विकत घ्यायची सक्ती करता येत नाही. नुसता माणूस आणल्याबद्दल पैसे देता येत नाहीत. वाजवी काळात खपेल त्यापेक्षा जास्त माल गळ्यात मारता येत नाही. कंपनीची भारतात नोंदणी आणि प्रत्यक्ष ऑफिस हवं, विक्रेत्याशी लेखी करार हवा, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमलेला हवा. घरी येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि त्याने आधी वेळ ठरवून यायला हवं. आणखी एक फार उपयोगाची सोय आहे. करारात ‘कूलिंग ऑफ’ची मुदत द्यावी लागते, म्हणजे तेवढ्या दिवसांत मन बदललं तर दंड न भरता बाहेर पडता येतं. सही करण्याआधी ही मुदत किती दिवसांची आहे आणि न खपलेला माल परत घेणार का, ही दोन कलमं बोट ठेवून वाचून घ्या. करार इंग्रजीत असेल आणि तुम्हाला जड जात असेल, तर घरी घेऊन जा, कॉलेजात जाणाऱ्या भाचीकडून वाचून घ्या. “आजच सही केली तर ऑफर आहे,” हे वाक्य ऐकलं की समजावं, कागद नीट वाचलेला त्यांना नको आहे.

पण कायद्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती बायकांना कुणी सांगत नाही. १९७८ चा एक कायदा आहे, प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा. अशी योजना चालवणं हा तर गुन्हा आहेच, पण त्यात सभासद होणं किंवा भाग घेणं यालाही त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली आहे. म्हणजे तुम्ही स्वतः फसलेल्या आहात, आणि त्याच वेळी तुमच्या सांगण्यावरून ज्या चौघींनी पैसे भरले, त्यांच्या तक्रारीत तुमचंच नाव असू शकतं. वरची माणसं त्यांनी बघितलेलीच नसतात. त्यांनी पैसे दिले ते तुमच्या हातात, तुमच्या बाहेरच्या खोलीत बसून, तुमच्या हातचे पोहे खाऊन.

आणि खरी जोखीम इथेच आहे असं मला वाटतं. या व्यवसायात शिरल्यावर पहिला गृहपाठ काय देतात ठाऊक आहे? शंभर ओळखीच्या लोकांची यादी करा. माहेरचे, सासरचे, शाळेतल्या मैत्रिणी, डॉक्टर, वाणी, मुलांच्या बाई. कंपनीला तुमच्या दहा हजारांपेक्षा ही यादी मोलाची असते, कारण पैसे एकदाच मिळतात आणि यादीतून शंभर दारं उघडतात. चाळीत आपण कुलूप न लावता दुकानात जाऊन येतो, शेजारणीकडे किल्ली ठेवतो, कागद न करता भिशी चालवतो. भिशीत कुणी व्याजाचं आमिष दाखवत नाही. बारा जणींनी घातलेले पैसे बारा जणींना पाळीपाळीने मिळतात, ना कमी ना जास्त, आणि ती टिकते ती फक्त जिन्यात उद्या पुन्हा भेटायचं आहे या भरवशावर. हा भरवसा आपल्या सासूने, तिच्या सासूने जमवलेला असतो. पाळणाघर नव्हतं तेव्हा मुलं सांभाळायला तो उपयोगी पडला, संपात उधारीवर तांदूळ मिळवायला उपयोगी पडला. तो कुणाच्या ‘डाउनलाइन’साठी वापरायचा का, हे प्रत्येकीने स्वतः ठरवायचं आहे. पण ठरवून वापरावा, नकळत खर्च होऊ देऊ नये. एका हळदीकुंकवाला वाणासोबत कंपनीचं माहितीपत्रक वाटलं गेलं की पुढच्या वर्षी दोन घरची बोलावणी कमी येतात. तोंडावर कुणी काही बोलत नाही. जिन्यात भेटल्यावर “घाईत आहे गं” एवढंच ऐकू येतं.

‘नाही’ म्हणणंही आपल्याला जमत नाही, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द. नणंदेने गळ घातली तर वाद घालू नका, कंपनीची उणीदुणीही काढू नका, ती दुखावते आणि आणखी घट्ट चिकटते. तिला सांगा, “वन्सं, तुमच्याकडचा एक डबा मी घेते, पैसे रोख देते. पण सही करणार नाही आणि कुणाला घेऊन येणार नाही.” तिचा धंदा माल विकण्याचा असेल तर ती खूश होईल, तिला गिऱ्हाईक मिळालं. तिचा चेहरा पडला, तर तिला डबा विकायचाच नव्हता, हे तिच्याही लक्षात येईल कदाचित.

ज्या आधीच आत आहेत, त्यांनी लाजून घरात लपवू नये. नवऱ्याला किंवा मुलाला सांगावं, चार बोल ऐकावे लागले तरी चालतील. सगळ्यात आधी खाली नवीन माणूस आणणं थांबवा, अगदी “एवढी एक आली की माझे निघतील” असं वाटत असलं तरी. करार काढून तारीख बघा, कूलिंग ऑफच्या मुदतीत असाल तर लेखी कळवा, नुसता फोन करू नका. न उघडलेला माल परत देण्याचं पत्र द्या आणि पोच घ्या. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली आश्वासनं यांचे फोटो काढून वेगळे ठेवा, कारण ग्रुप एका रात्रीत बंद होतात. कंपनीचा तक्रार अधिकारी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि परताव्याचं आमिष दाखवून रक्कम ठेव म्हणून घेतलेली असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा राज्याचा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली कंपनीच्या मालमत्तेवर टाच आणता येते. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर तुमच्या ओळीतल्या चौघी मिळून जा. मूळ पावत्या हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या.